सगळे कोपरे

“आधी कोपरे, मग कडा, मधलं सगळ्यात शेवटी,” लेक म्हणाली. “हा सोंगट्यांचा ‘गो’ खेळ शिकताना सुरुवातीला एवढं पाळलंत तरी पुष्कळ.”

“कळलं, मास्तरीणबाई. पण जिंकलो की किल्ली द्यायची. शब्द फिरवायचा नाही.”

शाळेच्या व्हॅनची किल्ली तिच्या मुठीत होती. मेंदूच्या झटक्यातून उठल्यापासून व्हॅनवाले काका घरात बसून कावले होते. उद्या शाळा उघडणार, पोरं वाट बघणार. काल त्यांनी गुपचूप व्हॅन काढून गल्लीत एक फेरी मारली, तर डावा आरसा कुणीतरी तोडून गेलं आणि खापर फुटलं त्यांच्या माथी. किल्ली तेव्हापासून जप्त.

काकांनी काळी सोंगटी वरच्या कोपऱ्यात ठेवली.

लेकीचा हात पुढे आला. टक् असा आवाज झाला. “तुमची पाळी.”

त्यांनी पट न्याहाळला. पांढरी सोंगटी कुठेच नव्हती. या खेळात पास म्हणायची मुभा असते, पण पहिल्याच खेपेला? बापाला मुद्दाम जिंकवतेय की काय! त्यांनी मुकाट्याने खालचा कोपरा धरला.

पुन्हा टक्. पुन्हा काही नाही.

बायको ताट उचलायला आली. “अर्धं ताट तसंच. कोशिंबिरीला हातसुद्धा लावला नाहीत.”

“कोशिंबीर वाढलीस कुठे?” काका खेकसले.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. या दोघींचं काहीतरी शिजतंय, काकांना वाटलं. ते चिडून भराभर खेळू लागले. दोन कोपऱ्यांमधली कड त्यांनी काळ्या सोंगट्यांनी बांधून काढली. लेक नुसती टकटक करत राहिली.

“कोपरा राहिलाय का बघा, बाबा.”

“एकही नाही. सगळे माझे!” किल्ली आता हातात आल्यासारखीच होती.

“नीट बघा. घाई नाही.”

“अगं, डोळे आहेत मला!”

लेकीने पट दोन्ही हातांनी धरला आणि जागच्या जागी सावकाश अर्धा फिरवला. काकांच्या डावीकडची कड उजवीकडे आली.

काका पटावर वाकले. दोन्ही कोपरे पांढरे. सबंध कड पांढरी. आणि त्यांची काळी सोंगटी पटावर एकही नव्हती.

“हे... हे कधी मांडलंस?”

लेकीने किल्ली आईच्या हातात दिली.

“तुमच्यासमोरच, बाबा.”