दसऱ्याला थांबलेली चाकं

दसऱ्याच्या सकाळी लक्ष्मी रोडवरचे पंखे एकेक करत थांबले. सायकल लेन रिकामी होती. सगळ्या सायकली धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून दारात उभ्या होत्या. आणि या रस्त्याची वीज तर लेनवरून फिरणाऱ्या चाकांतूनच यायची!

शर्वरी उबवणी-पेटीत डोकावली. शाळेच्या प्रयोगाचं अंडं आतून टकटक करत होतं, पण पेटी गार पडत चालली होती.

"मावशी, पिल्लू गारठून मरेल गं! मी एक चक्कर मारून येते."

"पूजेआधी चाक हलवायचं नाही," इंदूमावशी म्हणाली. "मुहूर्त अकराचा आहे."

"मग अंड्यालाच सांग ना, अकरापर्यंत थांब म्हणून!"

मावशीने पेटीला कान लावला. टकटक मंदावली होती. तिने आरतीचं तबक उचललं आणि थेट शर्वरीच्या कॅरियरवर जाऊन बसली.

"चल. मी मागून ओवाळते, तू पुढे बघ." मग दारादारांकडे बघून ती ओरडली, "या रे सगळे, यंदाची पूजा चालत्या सायकलवर!"

हारांसकट एकेक सायकल लेनवर उतरली.

दोघी परतल्या तेव्हा पंखा गरगरत होता. पेटीतलं ओलं पिल्लू शर्वरीच्या वेणीत अडकलेल्या झेंडूकडे टकामका बघत होतं.