मोहराची शिंक

आंब्याला मोहर आला, पण यंदा कालिंदीबाईंना शिंक आली नाही. त्या घाबरून दवाखान्यात गेल्या. पूर्वी एका आजारपणात त्यांच्या काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी, काढाव्या लागल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान भास्करराव वारले, तेव्हा त्यांची एक ग्रंथी कालिंदीबाईंच्या काखेत बसवली. तिच्याबरोबर भास्कररावांची मोहराची ॲलर्जीही आली होती.

डॉक्टरांनी तपासणी केली. “ग्रंथीत आता सगळ्या तुमच्याच नव्या पेशी आहेत. भास्कररावांच्या संपल्या. चांगलंच झालं.”

“एकही उरली नाही?”

“नाही.”

कालिंदीबाईंनी विचारलं, “ग्रंथीचा पहिल्या वर्षीचा नमुना ठेवलाय ना तुम्ही?”

डॉक्टरांनी जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. कालिंदीबाई वाकल्या.

“यातल्या ह्यांच्या कुठल्या?”

“सगळ्याच.”

बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.