तळणीचा वास

चकलीचा सोऱ्या बॅटरीवर चालतो, हे मालनला सकाळपर्यंत खरं वाटत नव्हतं. आता ती नुसतं बटण दाबून बसली होती आणि चकल्या आपसूक कागदावर गोल गोल उतरत होत्या. कौतुकाने ती सुनेला म्हणाली, "काय गो पूर्वी, माझा अर्धा जन्म दांडा पिळण्यात फुकट गेला म्हणायचा."

पूर्वी मान हलवून एअर फ्रायरमधल्या चकल्या उलटत राहिली.

चिकुनगुनिया झाल्यापासून मालनच्या मनगटांत जीव राहिला नव्हता, आणि पूर्वी बँकेतून घरी यायची तेव्हा आठ वाजलेले. फराळ व्हायचा कसा? म्हणून पूर्वीने दोन्ही यंत्रं ऑनलाइन मागवली आणि धनत्रयोदशीची रजा टाकली. दुपारपर्यंत शंकरपाळ्या झाल्या, करंज्या झाल्या. तेल ते काय, ब्रशाने चोपडायचं. ना धूर, ना घामाच्या धारा. बाहेर पोरांनी फटाके लावलेले, म्हणून दारही लोटून घेतलेलं. कढई माळ्यावरून खाली उतरलीच नाही.

फराळ मात्र करायचाच होता. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही; शेजारीपाजारी ताटं आणून देतात. लालबागच्या या चाळीत ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आपल्या घरातलं कोण गेलंय? मुलाचं, राहुलचं जहाज चैत्रात वादळात बुडालं, बाकीचे सापडले, तो आणि आणखी चौघे सापडले नाहीत. सापडला नाही म्हणजे आहे, असं मालनचं सरळ म्हणणं. कंपनीचं पत्र आलं तेव्हा तिने ते पूर्वीला मोठ्याने वाचू दिलं नाही. पूर्वीच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं, आणि सात महिन्यांत सासूसमोर तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

मालनने यंत्रातली एक चकली मोडून तोंडात टाकली. कुरकुरीत झाली होती, अगदी तिच्या हातची नाही, पण वाईटही नाही. राहुल जहाजावर असला की त्याच्या वाटणीचा डबा वेगळा ठेवायची. दोन-दोन महिन्यांनी यायचा आणि खवट झालेल्या चकल्याही चहात बुडवून संपवायचा बिचारा. या चकल्यांना तेलच नाही, तर खवटणार कशाला? शिमग्यापर्यंत सहज टिकतील, असं ती पूर्वीला दोनदा सांगून बसली. तिला खरंच बरं वाटत होतं.

दार ढकलून शेजारची सुभद्रा आत आली. हातात ताट, ताटावर रुमाल.

ती मालनजवळ खाली बसली, ताट पुढे सरकवलं आणि मालनच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंत वैनी," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही चार दिवस बघत होतो. सगळ्यांच्या कढया चढल्या, तुमच्या दारातून तळणीचा वास नाय आला. तेव्हा म्हटलं, वैनींनी मन घट्ट केलं. आता ताट न्यायला हरकत नाय."

मालनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती जी उठली ती एकेक डबा सुभद्रासमोर आपटत सुटली. या करंज्या बघ, या शंकरपाळ्या बघ, सगळं घरात केलंय, यंत्रात केलंय, यंत्राला वास येत नाही त्याला मी काय करू! सुभद्रा बिचारी ओशाळली. चुकले म्हणाली, ताट उचलू लागली. मालनने तिचा हात धरला. सणाला शेजारणीचं ताट रिकामं जात नाही. रिकामं जातं ते फक्त दुखवट्याच्या घरातून. "थांब, माझा फराळ घालून देते," असं म्हणत तिने मूठभर चकल्या उचलल्या.

"आई, नको."

पूर्वी भिंतीला टेकून उभी होती.

"त्यांचं ताट ठेवून घ्या," ती म्हणाली. "मला रडायचंय, आई. सात महिने झाले. मला रडू द्या."

आणि ती खाली बसली. तोंडावर पदर नाही, ओढणी नाही, तशीच लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. यंत्र पीं पीं वाजत राहिलं. ते बंद करायला कोणी उठलं नाही. सुभद्रा कुणाकडे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत बसली.

मालन मुठीत चकल्या घेऊन उभी होती. मग तिने मूठ डब्यात सोडली. सुभद्राचा फराळ एका परातीत काढून घेतला, ताट मोरीत नेऊन घासलं, दोनदा विसळलं, पदराने कोरडं केलं.

आणि सुभद्राच्या हातात रिकामंच दिलं.