भिंतीच्या खाली

वाटणीची भिंत उभी राहिली तेव्हापासून दोघा भावांमध्ये बोलणं नव्हतं. धाकट्याच्या बोअरला बक्कळ पाणी आणि थोरल्याच्या नळाला नुसती फुसफुस. म्हणून थोरल्याने भिंतीला अगदी खेटून बोअर मारायला घेतला. धाकट्याचं पाणी अलगद आपल्याकडे ओढायचं, असा साधासरळ भावकीतला विचार.

कॉम्प्रेसरची हवा पाइपातून खाली जायची, तळाशी असलेला हातोडा खडकावर धडाधडा आपटायची आणि खडकाचं पीठ घेऊन भोकातून वर यायची. सकाळपासून कोरडं पीठच येत होतं. थोरला त्यात नखशिखांत माखला, पण जागचा हलला नाही. मग एकाएकी पीठही थांबलं. हातोडा चालू, पण वर येणारी हवा गायब.

"अहो, हवा गेली कुठे?" थोरला मशीनवाल्यावर ओरडला.

उत्तर भिंतीपलीकडून आलं. आपलं पाणी चोरीला जातंय का, हे बघायला धाकटा स्वतःच्या बोअरचं झाकण काढून आत डोकावत होता. चिखलाचा फवारा थेट त्याच्या तोंडावर उडाला.

"दादा!" तो भिंतीवरून किंचाळला. "तुझी हवा माझ्या बोअरमधून येतेय!"

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. "खाली फट एकच आहे, साहेब. तुमचं दोघांचं पाणी एकच."

पांढराफटक थोरला आणि काळाकुट्ट धाकटा दोघंही मशीनवाल्याकडे वळले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले.

"खाली भिंत घालायची तर किती खोल जावं लागेल?"