जुन्या फोनचा शेवटचा तोटा

“अगं, कुणी वापरतं का आता असला फोन?” नवऱ्याने नवा फोन माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या फोनचे तोटे ऐकवायला लागला. बँकेचं ॲप चालत नाही. गॅस बुक होत नाही. पाळणाघराचे फोटो येत नाहीत.

खोटं नव्हतं त्यातलं काही. दुरुस्तीवाला तर म्हणाला होता, “ताई, ही जातच बाजारातून उठली.” पण बॅटरी दोन दिवस टिकते, आणि पडद्यावरच्या रंगीत चौकोनांवर बोटं आपटत माझी लेक खुदुखुदू हसते. तरी पाळणाघरात ती कशी खेळते ते बघायला मिळेल, म्हणून मी नव्या फोनला हात घातलाच.

“आणि मुख्य म्हणजे, तू कुठे आहेस ते यात दिसतं. ॲप टाकूनच आणलंय. आईच्या फोनवरही दिसेल. काल हिला पाळणाघरात सोडून दुपारभर कुठे होतीस?”

काल मी तळ्याकाठी एकटी बसून भाजलेलं कणीस खाल्लं होतं. शेवटच्या दाण्यापर्यंत गरम.

माझं डोकं सणकलं. “आणि तू कुठे असतोस, ते दिसेल मला?”

“माझं काय त्यात? मी कामावर असतो.”

मी लेकीचा पापा घेतला, तिला त्याच्या कडेवर दिलं, जुना फोन पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.

“आता कुठे निघालीस?”

“नव्या फोनला विचार की. तो आहे घरीच!”