तनुजाला हुडकायला

"माझ्या तोंडानं कसं इचारू? बहीण पळून गेलीय, बघितली का, असं म्हणू?" संगमेशनं पाठीवरची बॅग रस्त्यातच आदळली.

"मग फोन दे इकडं," सोमेश म्हणाला. "रोजचंच हाय तुझं."

फोनवर तनुजाचा फोटो होता. सोमेश तो घेऊन द्राक्षाच्या बागेत शिरला. संगमेश बागेकडं पाठ करून उभा राहिला. आपलं तोंड बघून कुणी भाऊ म्हणून ओळखू नये, एवढंच त्याला वाटायचं. रेणापुरात वर्षभर मान खाली घालून फिरला, आता नाशिकच्या मुलखातबी तेच.

थोड्या वेळानं सोमेश आला. "न्हाई इथं."

दोघं एकाच गल्लीतले, शाळाबी संगंच सोडलेली. सोमेश द्राक्षाच्या कामाला इकडं आला तो तनुजा पळायच्या लई आधी. तनुजा कुणासंगं गेली ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती इकडं बागंत कामाला दिसली, एवढंच उडत उडत कानावर आलं. संगमेशनं लगेच सोमेशला फोन लावला. सोमेश म्हणाला, मोठ्या बॅगा घेऊन पायी फिरू, फिरायला आलेली पोरं वाटू, कुणी शंका घेणार न्हाई. माझ्या खोलीचा मालक खडूस हाय, म्हणून झोपायचं देवळात.

एका वायनरीच्या गेटवर वॉचमननं बॅगा बघून सलाम ठोकला. "टेस्टिंग तिकडं, सर."

"सर म्हणला लेका तुला," सोमेश हसला.

"द्राक्षं कुजवून पितेत अन् सलाम घेतेत. माझा चुलता प्याला की पोलीस उचलतेत."

पुढं टपरीवर एकानं फोटो बघून नुस्ता डोळा मारला. संगमेशनं त्याची कॉलर धरली. सोमेशनं मधी पडून सोडवलं, चहाचे पैसे दिले अन् संगमेशला ओढत लांब नेलं.

"आत्ता ती सापडली, तर काय करशील?"

"काय करीन?"

"गावात पारावर तूच म्हणला होतास, इथवर कानावर आलं. दिसली की तंगडं तोडीन."

"म्हणलो होतो." संगमेशनं पायानं एक दगड उडवला. "आता आईसाठी नेतोय रे. लातूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. रात्रंदिवस तनुजा, तनुजा करून राहिली. एकदा तोंड दाखवू दे. मग मीच परत आणून सोडतो. बोटबी लावणार न्हाई. आईची आण."

सोमेश त्याच्या हाताकडं बघत राहिला. कॉलर धरताना नख तुटून रक्त आलं होतं.

रस्ता आता सप्तशृंगीच्या डोंगराकडं चढत होता. वारं गार सुटलं होतं. डोंगराच्या पायथ्याला एकच बाग उरली होती. सोमेश आत गेला तो लवकर आलाच न्हाई. आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"सगळ्यांना दाखवलास?"

"हाव. न्हाई इथं."

तेवढ्यात संगमेशच्या बापाचा, अर्जुनरावांचा फोन आला. संगमेश नुस्तं ऐकत होता. "हाव. निघतो," एवढंच म्हणला अन् बॅगेवर बसला.

"आई गेली."

सोमेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता कुणाला हुडकायचं," संगमेश म्हणाला. "चल, मातीला तूबी चल."

"मुकादम आणखी सुट्टी देणार न्हाई रे."

नाशिककडं जाणारी जीप आली. चढता चढता संगमेशनं त्याला मिठी मारली. "लई पाय झिजवलेस माझ्यापायी. सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं केलंस."

जीप वळणाआड गेली. सोमेश त्याच बागेत परत आला, अन् मागच्या आपल्या पत्र्याच्या खोलीपाशी थांबला. तनुजा पोटावर हात धरून दारातच बसली होती. सातवा लागला होता.

"गेला का दादा?"

"गेला."

"मारायलाच आला होता ना?"

"हाव."

"आईचं काही म्हणला का?"

सोमेशनं बॅग खाली ठेवली.

"बरी हाय म्हणला. मला निघाया पायजे आता, मुकादमाची गाडी आली."