झऱ्याचा दंड

गाढव शिंकलं, तेव्हा कुठे अरुणाच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलंय.

गाढव खालच्या पाटावर पाणी पीत होतं आणि दाढीला बसलेल्या माणसासारखा त्याच्या तोंडाला फेस आला होता. फेस अरुणाचा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जयप्रकाशच्या ऑफिसच्या शर्टांचा. बहरीनला आल्यापासून घरातल्या खारट नळाखाली तिचा साबण कधी फेसाळलाच नव्हता. गावच्या झऱ्यावर तो पहिल्यांदा फुलला, आणि त्या आनंदात बाईनं अख्खी वडी संपवली. तीही वरच्या कुंडात, जिथून सगळं गाव प्यायचं पाणी भरतं. फेस निघाला तो पाटानं खजुरीच्या बागेत आणि तिथून थेट गाढवात.

खाली कपडे धुणाऱ्या बायका उठून आल्या. कुणी ओरडलं नाही. त्यांच्यातली वडीलधारी खदिजा सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेली. ती शांतपणे म्हणाली, "झरना सबका है. तूने गंदा किया, तू साफ करेगी. रमजान लगने तक, हर गुरुवार."

संध्याकाळी जयप्रकाश पाकीट घेऊन खदिजाच्या दारी धावला. बँकेतला माणूस, दंड म्हणजे पैसेच, असं त्याचं गणित. शिवाय झऱ्यासाठी एक कमिटी नेमावी, असंही त्यानं सुचवलं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. खजिनदार व्हायची त्याची तयारी होती.

"पैसा पानी साफ करता है क्या?" खदिजानं विचारलं. "बीवी को भेजो."

अरुणा रडली. तशीही ती रोज रडायचीच. राजधानी मनामापासून लांब घर स्वस्त मिळालं होतं खरं, पण दिवसभर बोलायला फक्त फ्रिज, आणि तोही नुसता घरघरायचा.

"अहो, मला पुण्याला पाठवा."

"रमजान लागला की पाठवतो," जयप्रकाशनं शब्द दिला. "आधी दंड फेड. नाहीतर गाव मला राहू देणार नाही."

गुरुवार सुरू झाले. साडी खोचून, गुडघाभर पाण्यात उतरून अरुणा बायकांच्या रांगेत शेवाळ खरवडू लागली. पहिल्यांदा एकटीच पडली. पुढच्या वेळी खदिजाला घेऊन पडली, आणि दोघींना उठवायला आलेलीही त्यांच्यावर पडली. हसून हसून काम बुडालं. अरबीचा एक शब्द धड येत नसताना अरुणाला साऱ्या गावाच्या सासवा पाठ झाल्या. तिच्या चकल्या तिकडे गेल्या, तिकडचे खजूर घरी आले. जयप्रकाशला वाटायचं, बिचारी किती सोसतेय.

शेवटच्या गुरुवारी सकाळीच त्यानं सांगितलं, "सुटलीस. शनिवारचं मुंबईचं तिकीट काढलंय."

झऱ्यावर काम आटोपल्यावर खदिजानं तिच्या हातातला खराटा काढून घेतला. "खलास, बेटी. तेरा दंड पूरा."

अरुणानं पाण्यात उभ्या बायकांकडे बघितलं.

"और आप लोगों का? आपका कब पूरा होगा?"

खदिजानं तो प्रश्न अरबीत करून सगळ्यांना ऐकवला. रांगभर खसखस पिकली.

"हमारा?" खदिजा डोळे पुसत म्हणाली. "मेरा तो तब पूरा हुआ, जब मेरा बड़ा बेटा झूले में था. अब उसका बेटा स्कूल जाता है."

अरुणा घरी आली तेव्हा जयप्रकाश तिची बॅग बांधत होता.

"ते तिकीट परत करा," साडीचा ओला काठ पिळत ती म्हणाली. "बायकांनी माझा दंड वाढवलाय."